घर घेण्यापूर्वींची पाहणी

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. ज्या काळीं ती रूढ झाली त्या काळीं घर हें यजमानाच्या देखरेखीखालीं, त्याच्या ओळखीच्या गवंड्याकडून, त्याच्या डोळ्यांदेखत उभें राहत असे. पाया किती खोल गेला, चुना कसा मळला, तुळईस लांकूड कोणतें घातलें, हें सारें त्यास ठाऊक असे. आज शहरांतील सुशिक्षित गृहस्थ घर बांधीत नाहीं. तो तें तयार विकत घेतो. म्हणींतला त्रास त्याचा वांचला खरा. पण त्या त्रासाबरोबर मिळणारें ज्ञानही गेलें. तें ज्ञान दुसऱ्या कोणत्या तरी मार्गानें मिळविलें पाहिजे; आणि तो मार्ग म्हणजे खरेदीपूर्वीं केलेली कसून पाहणी, एवढेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

मौज अशी कीं, किरकोळ खरेदींत आपण मोठे चोखंदळ असतों. मडकें घेतांना तें वाजवून पाहतों, नारळ कानाशीं हलवून पाहतों, सोनें कसास लावतों, आणि मुलीसाठीं स्थळ पाहतांना तर चार घरीं चौकशी करतों. परंतु ज्या वस्तूसाठीं वीस-वीस वर्षांचें कर्ज अंगावर घ्यावयाचें, ती पाहण्यास आपणांस रविवारची एक संध्याकाळ पुरेशी वाटते. सजविलेली नमुन्याची सदनिका, तिच्यांतील दिवे आणि पडदे, गॅलरींतून दिसणारी हिरवळ एवढें पाहून आपण इसाऱ्याची रक्कम देऊन मोकळे होतों.

पिंपरी-चिंचवडकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न किती निकडीचा आहे तें ध्यानांत येतें. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ सालीं पिंपरीस स्थापन झाली. पुढें भोसरी, चिंचवड, आकुर्डी या बाजूंस कारखाने वाढले. १९७० सालीं येथें नगरपालिका झाली, १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण आलें आणि १९८२ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती सतरा लाखांवर भरली. चाकणकडे मोटारींचे कारखाने पसरले, हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या आल्या, आणि वाकड, पुनावळें, रावेत, मोशी, चऱ्होली येथील शेतांतून उंच इमारती उभ्या राहिल्या. येथें घर घेणारा बहुतेक मनुष्य बाहेरगांवाहून आलेला असतो. कोणतें शेत पावसाळ्यांत पाण्याखालीं जातें, कोणता ओढा बुजवून रस्ता झाला, कोणत्या जमिनीवर भाऊबंदकीचा दावा चालू आहे, हें गांवच्या म्हाताऱ्याला जें सहज माहीत असतें तें या नवख्याला कोण सांगणार?

अज्ञानाची किंमत किती द्यावी लागते याचें अगदीं अलीकडचें उदाहरण चिखलीचें आहे. तेथें इंद्रायणीच्या कांठीं लोकांनीं भूखंड विकत घेतले आणि त्यांवर टुमदार बंगले बांधले. ती जागा नदीच्या निळ्या पूररेषेच्या आंत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेलें. जुलै १९२४ नव्हे, जुलै २०२४ मध्यें, म्हणजे अगदीं काल-परवां, न्यायाधिकरणानें तीं बांधकामें पाडण्याचा आदेश दिला. पुढें सर्वोच्च न्यायालयांतही रहिवाशांस दिलासा मिळाला नाहीं, आणि १७ मे २०२५ रोजीं महानगरपालिकेनें ते ३६ बंगले जमीनदोस्त केले. श्रोतेहो, त्या बंगल्यांचे मालक कोणी झोपडीदादा नव्हते. त्यांनीं पैसे मोजले होते, कागद केले होते, घरें राहतीं केलीं होतीं. दोष कोणाचा किती, याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु पूररेषेचा नकाशा त्या भूखंडावर इसारा देण्यापूर्वीं ठेवून पाहिला असता, तर तो एका दुपारीं जें सांगता तें पुढें यंत्रांनीं सांगितलें.

पूररेषा म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येऊं शकणारा पूर जेथवर पोंचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोंचतो ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा घरांसाठीं निषिद्ध असतो. निळी आणि लाल यांच्यामध्यें बांधकामावर निर्बंध असतात. पवना, इंद्रायणी आणि मुळा अशा तीन नद्या या शहरास लागून वाहतात. तेव्हां 'नदीचें दृश्य' असें जाहिरातींत वाचतांच आनंद होण्याआधीं ही रेषा कोठून जाते हें विचारण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी.

आतां पुष्कळ सुशिक्षित लोक कोणत्या भरंवशावर निर्धास्त राहतात तें पाहूं. पहिला भरंवसा दस्ताच्या नोंदणीचा. 'आमचें खरेदीखत सरकारी कचेरींत नोंदलेलें आहे, आम्हीं मुद्रांकशुल्क भरलें आहे,' असें ते म्हणतात. पण दस्त नोंदला म्हणजे तो दस्त झाला एवढेंच सिद्ध होतें. विकणारा खरा मालक होता कीं नाहीं याची हमी नोंदणी देत नाहीं. दुसरा भरंवसा घरपट्टीच्या पावतीचा. कर हा बांधकामावर बसतो. तें अधिकृत असो वा नसो. याच शहरांत २००८ पासूनच्या कायद्यानें अनधिकृत घरांवर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती बसली होती आणि तिचीं बिलें हजारों कुटुंबांनीं पाहिलीं. २०२३ सालीं शासनानें ती शास्ती माफ केली. पण शास्ती माफ होणें वेगळें आणि बांधकाम नियमित होणें वेगळें.

तिसरा भरंवसा बँकेचा. 'बँकेनें कर्ज दिलें, त्या अर्थीं सर्व ठीक असणार.' बँकेचा वकील पाहतो तें बँकेचें हित. कर्ज फेडण्याची जबाबदारी ऋणकोची असते, आणि घर गेलें तरी ती जबाबदारी जात नाहीं. चौथा भरंवसा शेजाऱ्यांचा. 'येथें एवढीं घरें आहेत, सर्वांचें होईल तें आमचें होईल.' हें समाधान किती तकलादू असतें तें २०१७ सालीं थेरगांव, वाल्हेकरवाडी, बिजलीनगर या भागांतील कुटुंबांनीं अनुभवलें. गुंठा-अर्धा गुंठा घेऊन त्यांनीं घरें बांधलीं होतीं; विकास आराखड्यांत त्या जागेवरून वर्तुळाकार मार्गाची आंखणी होती. त्या मार्गासाठीं घरें पाडण्याची वेळ आली तेव्हां लोकांस मोर्चे काढावे लागले. नकाशावरची रेघ वर्षानुवर्षें झोंपलेली असते, पण ती मेलेली नसते.

तर मग पाहणी करावयाची म्हणजे काय करावयाचें? तिचे तीन भाग आहेत: कागदाची पाहणी, जमिनीची पाहणी आणि इमारतीची पाहणी. या तिन्हींतील एक टाळून दुसरी पुरी होत नाहीं.

कागदाच्या पाहणींत वकिलाकडून निदान तीस वर्षांचा मालकीचा शोध घ्यावा. सात-बाराचा चालू उतारा पाहून थांबूं नये; जुने उतारे आणि फेरफाराच्या नोंदीही पाहाव्या. बहिणींचे हक्क सोडून दिलेले आहेत काय, कूळ लागलेलें होतें काय, इतर हक्कांच्या रकान्यांत कोणाचा बोजा आहे काय, हें तेथें कळतें. जमीन अकृषिक झाली आहे कीं नाहीं. बांधकामाचा नकाशा मंजूर आहे कीं नाहीं, आणि मंजूर मजल्यांपेक्षां प्रत्यक्ष मजले अधिक तर नाहींत ना. बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि शेवटीं भोगवटा पत्र मिळालें आहे कीं नाहीं, हें मूळ कागदांवरून पडताळावें. महारेराच्या नोंदवहींत प्रकल्पाचा क्रमांक शोधणें आज घरबसल्या होतें. मात्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नसलेल्या जागेवरील किंवा आठांहून अधिक सदनिका नसलेल्या प्रकल्पांस ती नोंदणी आवश्यक नाहीं. म्हणजे गल्लीबोळांतील लहान इमारतींत, जेथें धोका अनेकदां अधिक, तेथें खरेदीदारानें स्वतःच जास्त जागरूक राहिलें पाहिजे.

जमिनीच्या पाहणीविषयीं आपल्या जिल्ह्यास तर अभिमान वाटावा. मुंबई इलाख्यांतील सुप्रसिद्ध जमीन-मोजणीची पद्धत १८३५ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतल्याच इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनीं घालून दिली. तेहतीस फुटांच्या सांखळीनें मोजलेला तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. ज्या जिल्ह्यांत हें माप एवढ्या कसोशीनें रुजलें, त्याच जिल्ह्यांत आज लोक फक्कीनें आंखलेल्या रेघांवर विश्वासून गुंठा घेतात! दलाल दाखवितो तो तुकडा आणि उताऱ्यांतील तुकडा एकच आहे, हें भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीशिवाय कळत नाहीं. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास १९४७ च्या कायद्यानें बंदी घातली; पुढें २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ सालीं त्याची मुदत वाढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचीं बांधकामें त्यांत आलीं, आणि तुकडेबंदींतही वेळोवेळीं सवलती आल्या. पण सवलत आपोआप लागू होत नाहीं. आपल्या तुकड्यास ती लागू झाल्याचा कागद हातांत आहे काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा.

या शहरास आणखी एक विशेष बंधन आहे. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोंवतीं १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्यानें दोन हजार यार्डांचा पट्टा बांधकामास निर्बंधित आहे. त्यालाच लोक 'रेड झोन' म्हणतात. तळवडें, रुपीनगर, निगडीचा कांहीं भाग यांस तो भिडतो. दिघी-भोसरीकडेही लष्करी ठाण्यामुळें असाच पट्टा आहे. तेथील घर स्वस्त मिळतें याचें कारण मालकाची उदारता नव्हे.

शेजारच्या जमिनीवर काय आरक्षण आहे, हेंही पाहावें. पुनावळ्यास कचरा डेपोसाठीं जागा आरक्षित होती. भोंवतीं इमारती उभ्या राहून कुटुंबें राहावयास आलीं, आणि मग २०२३ सालीं रहिवाशांस रस्त्यावर उतरून विरोध करावा लागला. त्या वर्षाच्या अखेरीस तें आरक्षण रद्द करण्याची घोषणा झाली. त्या लोकांचें सुदैव. पण सुदैवाच्या जोरावर वीस वर्षांचें कर्ज काढणें शहाणपणाचें नव्हे.

आतां इमारतीची पाहणी. आमच्या या भागांत वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण असतो. काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. पाया मुरुमाच्या किंवा खडकाच्या घट्ट थरापर्यंत न नेतां वरच थांबविला, तर दर वर्षीं तें घर श्वास घेतल्यासारखें हलतें, आणि खिडक्यांच्या कोंपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. गिलाव्याच्या केंसासारख्या बारीक भेगांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. पण तुळईस किंवा खांबास गेलेली भेग, तिरपी व रुंद होत जाणारी भेग, अथवा लोखंडाच्या सळीच्या रेषेनें धांवणारी भेग दिसली, तर अभियंत्यास बोलाविल्यावांचून पुढें जाऊं नये. कारण सळईस गंज चढला कीं ती फुगते. गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक असते, आणि तो दाब भोंवतालचें काँक्रीट फोडून टाकतो. वरून रंगाचा हात दिला म्हणजे ही क्रिया थांबत नाहीं, फक्त दिसेनाशी होते.

कांहीं परीक्षा गृहिणीसही सहज करतां येतील, आणि त्या तिनेंच केलेल्या बऱ्या. कारण त्या घरांत पाण्याशीं आणि भिंतींशीं सर्वांत अधिक संबंध बहुधा तिचाच येतो. न्हाणीघरांत बादलीभर पाणी ओतून तें मोरीकडेच जातें कीं उंबऱ्याकडे येतें तें पाहावें. फरशीवर नाण्यानें ठोकून पाहावें. पोकळ आवाज आला तर खालीं माल भरलेला नाहीं असें समजावें. भिंतीच्या पायाशीं पांढरा लोणा फुटला आहे काय, छताच्या कोंपऱ्यांत पिवळट डाग आहे काय, नवा रंग एकाच भिंतीला कां दिला, हें विचारावें. शक्य तर घर भर पावसांत एकदां पाहावें. उन्हाळ्यांत सर्वच घरें कोरडीं असतात. घराचा स्वभाव आषाढांत कळतो. उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र नळाला पाणी किती वेळ येतें आणि टँकर किती लागतात, हें खालच्या पहारेकऱ्यास विचारावें.

एवढें झालें तरी खांब-तुळयांच्या आंतलें कळण्यास तज्ज्ञच हवा. हातोडीच्या उसळीवरून काँक्रीटचा कठीणपणा अजमावतां येतो, ध्वनिलहरींनीं आंतील पोकळ्या शोधतां येतात, आणि शंका उरलीच तर काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेंत दाबून पाहतां येतो. जुनें घर घेणारास याची विशेष गरज आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींनीं संरचनेची तपासणी करून घ्यावी असा महानगरपालिका कायद्याचा दंडक आहे. ती झाली असल्यास तिचा अहवाल सोसायटीकडे मागावा, झाली नसल्यास कां झाली नाहीं तें विचारावें. आणि इमारत नवी म्हणून निर्धास्त राहूं नये. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाड येथें एक पांच मजली इमारत कोसळून सोळा माणसें दगावलीं. ती बांधून पुरतीं दहा वर्षेंही झालेलीं नव्हतीं.

कायदा आपल्या बाजूस नाहीं असें नाहीं. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत संरचनेचा किंवा कामाचा दोष निदर्शनास आणला, तर विकासकानें तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करावा असें ठरविलें आहे. मालकीच हक्कांतील दोषामुळें नुकसान झालें तर भरपाई मागण्यास मुदतीची आडकाठी नाहीं. नोंदलेला करार होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आहे. मंजूर नकाशे पाहण्याचा हक्कही खरेदीदारास आहे. परंतु हक्क वापरावयाचा तर दोष आधीं कळला पाहिजे, तोही वेळेंत. पांचव्या वर्षाच्या अखेरीस फुटलेली भेग सहाव्या वर्षीं लक्षांत आली, तर त्या हक्काचा उपयोग काय? म्हणून ताबा घेतांना एकदां आणि पांच वर्षें भरण्यापूर्वीं एकदां अशी दोनदां तपासणी करून ती लेखी ठेवावी. जुन्या घराच्या बाबतींत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा विकणारावर दोष सांगण्याचें बंधन घालतो, पण कोणता दोष? जो घेणारास साधारण काळजी घेऊनही कळला नसता तो. म्हणजे साधारण काळजी आपण घेतलीच असेल, असें कायदा गृहीत धरतो.

'या सर्वांस खर्च किती?' असा प्रश्न येईल. वकील, मोजणी आणि अभियंता या तिघांचें मिळून जें होईल तें घराच्या किंमतीशीं ताडून पाहावें. स्वयंपाकघराच्या सजावटीस आपण याहून अधिक खर्च आनंदानें करतों. 'विकणारास राग येईल' अशी दुसरी भीति असते. ज्याचा माल चोख आहे त्याला परीक्षेचा राग येत नाहीं. आणि ज्याला येतो, त्यानें आपणांस फुकट एक मोलाची माहिती दिली असें समजावें. 'उद्यां भाव वाढेल, दुसरा गिऱ्हाईक उभा आहे' अशी घाई लावणारा तर सर्वत्र भेटतो. अशा वेळीं पंधरा दिवस मागून घ्यावे. पंधरा दिवसांत हातचें गेलेलें घर पुन्हां दुसरें मिळतें; पंधरा वर्षांची गेलेली शिल्लक मिळत नाहीं.

इंग्लंडांत घर घेणारा मनुष्य स्वतंत्र पाहणीदार नेमून त्याचा लेखी अहवाल मागतो, ही तेथें नित्याची रीत आहे. त्या पाहणीदारांची संस्था लंडनमध्यें १८६८ सालीं निघाली. तो पाहणीदार विकणाराचा नसतो, दलालाचाही नसतो. तो घेणाराचा असतो, आणि हीच त्यांतली खरी खुबी. आपल्याकडे अशी रीत पडावयास सरकारी हुकूम नको. एकाच इमारतींत सदनिका पाहणाऱ्या चार कुटुंबांनीं मिळून एक अभियंता आणि एक वकील नेमला, तरी आरंभ होईल, आणि खर्चही वांटला जाईल.

श्रोतेहो, घर घेणारा मनुष्य विटा आणि सिमेंट घेत नसतो. कारखान्यांतील रात्रपाळीचा भत्ता, पत्नीचे दागिने, गांवाकडील विकलेला शेताचा तुकडा, हें सारें एका कागदावर सही करून तो दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ती सही करण्यापूर्वीं पूररेषेचा आणि विकास आराखड्याचा नकाशा, तीस वर्षांचा शोध, जागेची मोजणी आणि अभियंत्याचा अहवाल हे चार कागद समोर असावे. ते चारही मनासारखे निघाले, तर पेढे अवश्य वांटावे. आणि एकही शंकास्पद निघाला, तर इसारा न देतां घरीं परत यावें. तेवढें धैर्य दाखविणें हीही गृहस्थाश्रमांतली एक मोठी कमाई आहे.